हिरव्या शहराची प्रगतिपत्रिका कशी वाचायची?



आजचा विषय थोडा आकडेमोडीचा आहे. पण पाचवीपर्यंतचं गणित येत असेल तर तेवढं पुरेल. बेरीज, भागाकार आणि टक्केवारी, यापलीकडे आपण जाणार नाही.

दर काही महिन्यांनी एखादी बातमी येते. आपलं शहर हरित शहरांच्या यादीत वर गेलं, अमुक तारे मिळाले, तमुक पुरस्कार मिळाला. चौकात फलक लागतो. आणि त्याच चौकात, त्याच फलकाखाली, आपण पाऊण तास बसची वाट बघत उभे असतो. मग मनात येतं, यातलं खोटं काय? पुरस्कार खोटा की आपला अनुभव? मी सांगतो, दोन्ही खरे असू शकतात. हे कसं होतं, शहर हिरवं आणि कमी कार्बनचं झालं की नाही हे कसं मोजतात, आणि ते मोजमाप आपण नागरिकांनी कसं वाचायचं, एवढंच आज बोलायचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणांहून ऐकताय, त्यामुळे उदाहरणंही एकाच राज्यातली घेतलेली नाहीत.

सुरुवात एका गोंधळापासून करू. ‘हरित’ आणि ‘कमी कार्बन’ हे दोन शब्द आपण जोडीनं वापरतो, जणू सख्खी भावंडं. प्रत्यक्षात ती वेगळी आहेत.

मुंबईचंच बघा. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेनं आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ या वर्षाचा हिशेब आहे. त्या वर्षी मुंबईचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन होतं सुमारे २ कोटी ३४ लाख टन. म्हणजे माणशी साधारण १.८ टन. आता एक वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानानं वीस-बावीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरतात. करा भागाकार. मुंबईचं उत्सर्जन फक्त झाडांनी फेडायचं तर शंभर कोटींहून जास्त झाडं लागतील. मुंबईचं क्षेत्रफळ आहे साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. सगळ्या इमारती, रस्ते, रूळ उखडून टाकले आणि हेक्टरी हजार झाडांचं दाट जंगल लावलं, तरी साडेचार कोटी झाडं बसतील. हवी आहेत शंभर कोटी.

मग झाडं लावू नयेत का? जरूर लावावीत. झाड सावली देतं, रस्ता थंड ठेवतं, पावसाचं पाणी मुरवतं, पाखरांना घर देतं. या सगळ्यासाठी झाडाला गुण द्या. पण झाडांचे गुण कार्बनच्या रकान्यात टाकले की फसगत होते. एखादं शहर म्हणतं, आम्ही एक लाख रोपं लावली. सगळी जगून मोठी झाली, तरी वर्षाला दोन हजार टनांच्या आसपास. कोटींच्या हिशेबात हे कुठेच दिसत नाही. शिवाय लावलेली रोपं आणि जगलेली झाडं यांत किती अंतर असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर पहिली सवय ही लावून घ्या, की हिरवाईचा रकाना वेगळा आणि कार्बनचा रकाना वेगळा.

आता शहराचा कार्बन मोजतात कसा? यासाठी २०१४ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी मिळून एक जागतिक पद्धत ठरवली. ती तीन कप्प्यांत विभागलेली आहे. पहिल्या कप्प्यात शहराच्या हद्दीत जे जळतं ते, म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, गाड्यांचं पेट्रोल-डिझेल, कारखान्यातलं इंधन आणि कचऱ्यातून निघणारा मिथेन. दुसऱ्या कप्प्यात शहर जाळ्यातून जी वीज ओढतं, त्या विजेपायी दुसरीकडे निघालेला धूर. आणि तिसऱ्या कप्प्यात शहरामुळे हद्दीबाहेर घडणारं बाकी सगळं.

दुसरा कप्पा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. मुंबईच्या हिशेबात सुमारे ७२ टक्के उत्सर्जन ऊर्जेच्या क्षेत्रातलं आहे आणि त्याचं मुख्य कारण कोळशाची वीज. देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमचं महिन्याचं बिल २०० युनिटचं असेल, तर तुमच्या घरामुळे १४० किलो. पण तुमच्या घरात धूर दिसत नाही. तो दिसतो चंद्रपूरला. तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. पुण्यात दिवा लागतो तेव्हा राज्याच्या जाळ्यातून येणाऱ्या विजेचा एक वाटा तिथल्या धुराड्यातून आलेला असतो. ही पद्धत न्याय्य आहे, कारण ती कार्बन वापरणाऱ्याच्या खात्यात टाकते. मात्र राख, धूळ आणि झळ चंद्रपूरकरांच्याच वाट्याला राहते, आणि ती पुण्याच्या प्रगतिपत्रिकेत कुठेही येत नाही.

तिसरा कप्पा तर बऱ्याचदा अर्धा रिकामाच असतो. बघा, पुण्या-मुंबईत टॉवर उभा राहतो. सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरकडचं असेल, सळया जालन्याच्या असतील. भट्ट्या तिथे पेटल्या. टॉवर मात्र ‘हरित इमारत’ म्हणून विकला जातो. त्याच्या जाहिरातीत गच्चीवरचं सौर पॅनेल असतं, भट्टी नसते.

हद्दीचा हा खेळ मुंबईनं फार जवळून पाहिला आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद होत गेली, धुराडी थंडावली. गिरणगावची हवा निवळली असेलच. पण देशानं कापड नेसणं सोडलं का? माग भिवंडीत खडखडत राहिले, इचलकरंजीत राहिले, सुरतेत वाढले. त्या काळात कुणी शहराचा कार्बन मोजत नव्हतं. मोजला असता तर मुंबईला उत्तम गुण मिळाले असते आणि लाखभर घरांची चूल विझल्याचा त्यात उल्लेखही नसता. बीजिंगनंही हेच केलं. शौगांग हा प्रचंड पोलाद कारखाना शहरातून हलवून शेजारच्या हबेई प्रांतात समुद्रकाठी नेला. बीजिंगचा धूर कमी झाला, पोलाद मात्र बनतच राहिलं.

म्हणून दुसरी सवय. उत्सर्जन घटलं असं कुणी सांगितलं, की लगेच विचारायचं: घटलं, की दुसऱ्याच्या अंगणात गेलं?

आता आपल्या देशातल्या मूल्यमापनाकडे येऊ. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयानं २०१९ मध्ये शहरांसाठी ‘क्लायमेट स्मार्ट’ मूल्यमापनाची चौकट आणली. पाच क्षेत्रं आणि २८ निर्देशक. ऊर्जा आणि हरित इमारती, नियोजन आणि हिरवाई, वाहतूक आणि हवा, पाणी, कचरा. दुसऱ्या फेरीत १२६ शहरं उतरली आणि जून २०२१ मध्ये निकाल लागला. नऊ शहरांना चार तारे मिळाले: सुरत, इंदूर, अहमदाबाद, पुणे, विजयवाडा, राजकोट, विशाखापट्टणम, पिंपरी-चिंचवड आणि वडोदरा.

या चौकटीवर टीका करण्याआधी तिचं श्रेय द्यायला हवं. त्याआधी बहुतेक पालिकांना आपलं शहर किती वीज वापरतं, किती इंधन जाळतं, हे सांगताच येत नव्हतं. वीज एका कंपनीकडे, इंधनाचे आकडे तेल कंपन्यांकडे, गाड्यांची नोंद आरटीओकडे. या चौकटीमुळे पहिल्यांदा कुणीतरी ही सगळी कागदपत्रं एका टेबलावर मागवली. त्या टप्प्यावर समिती नेमली का, अभ्यास केला का, आराखडा केला का, पैसे ठेवले का, अशा पायऱ्यांना गुण देणं योग्यच होतं. वर्ग सुरू होतो तेव्हा हजेरीलाही गुण असतात.

अडचण पुढे येते. दहावीलाही हजेरीवरच पास करायला लागलो तर? समिती झाली, आराखडा झाला, तारे मिळाले आणि उत्सर्जन वाढतच राहिलं, असं अगदी घडू शकतं. कागदाचे गुण आणि कामाचे गुण एकाच बेरजेत गेले की बेरीज काहीच सांगत नाही. पथदिव्यांचं घ्या. जुने दिवे काढून एलईडी बसवणं सोपं, दिसणारं आणि पैसे वाचवणारं काम आहे. करावंच. पण मोठ्या शहराच्या एकूण विजेत पथदिव्यांचा वाटा लहान असतो. वातानुकूलन, लिफ्ट, पंप, कार्यालयं, मॉल यांची वीज खरी मोठी. लहान गोष्ट पूर्ण केल्याचे भरघोस गुण आणि मोठ्या गोष्टीला हात न लावल्याची किरकोळ वजावट, असं असेल तर कुठलाही हुशार अधिकारी लहान गोष्टच करील. त्यात त्याचा दोष नाही. पेपर जसा काढाल तसा अभ्यास होतो.

यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे टक्केवारी. एक सोपं उदाहरण करू. समजा, एका शहरात १०० बस आहेत, त्यांतल्या १० विजेवर चालतात. स्वच्छ बसचं प्रमाण १० टक्के. पुढच्या दोन वर्षांत पालिकेनं ६० जुन्या डिझेल बस भंगारात काढल्या आणि नवी एकही घेतली नाही. आता उरल्या ४० बस, त्यांत विजेच्या १०. प्रमाण झालं २५ टक्के. निर्देशक दहावरून पंचवीसवर! आणि रस्त्यावर काय झालं? थांब्यावरच्या माणसानं हप्त्यावर स्कूटर घेतली.

हे उदाहरण मी कल्पनेतलं घेतलं, पण दिशा कल्पनेतली नाही. मुंबईत बेस्टच्या ताफ्यात पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांहून जास्त बस होत्या. आता तो आकडा तीन हजारांच्या आत आला आहे, आणि उरलेल्यांत विजेच्या बसचा वाटा वाढतो आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. केंद्राच्याच मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी लाख लोकांमागे किमान ६० बस हव्यात. म्हणून टक्केवारी ऐकली की खालचा आकडा विचारायचा. कितीपैकी? आणि तो ‘कितीपैकी’ गेल्या वर्षी किती होता? सुरुवातीला म्हटलं ना, फलकही खरा आणि बसची वाटही खरी, त्याचं गणित हे असं आहे.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. माणशी १.८ टन, हा मुंबईचा आकडा जगातल्या श्रीमंत शहरांच्या तुलनेत फारच कमी आहे. याचा अभिमान वाटावा का? थोडा नक्की वाटावा. कोविडच्या आधी मुंबईच्या लोकलनं रोज पंच्याहत्तर लाखांच्या आसपास प्रवास व्हायचे. जगात कमी शहरं इतक्या कमी ऊर्जेत इतकी माणसं हलवतात. पण त्या १.८ मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पत्र्याच्या छपराखाली एका पंख्यावर मे महिना काढणारं घर त्याच सरासरीत आहे आणि चार एसी चालवणारं घरही. पहिल्या घराचा कार्बन कमी आहे, कारण त्या घराला परवडत नाही. ही काटकसर नाही, तो अभाव आहे. गरिबीमुळे कमी राहिलेला आकडा शहराचं यश म्हणून मिरवला, तर तो आकडा टिकवण्यासाठी गरिबी टिकावी लागेल.

म्हणून चांगल्या मूल्यमापनानं सरासरीवर थांबू नये. पत्र्याच्या घरातल्या माणसाची वीज वाढली तर ते अपयश धरू नये. त्याला थंडावा मिळाला का, बस मिळाली का, पाणी मिळालं का, आणि एवढं मिळूनही एकूण कार्बन घटला का, असं विचारावं. घट कुठून आली पाहिजे? चार एसींच्या घरातून, काचेच्या इमारतींतून आणि मुख्य म्हणजे कोळशाच्या जागी येणाऱ्या विजेतून.

इथवर मी पळवाटाच सांगितल्या. चांगलं कसं दिसतं तेही बघू, आणि त्यासाठी इंदूरला जाऊ.

इंदूरची स्वच्छता सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प सुरू झाला. त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. आता ५५० टन ही झाली यंत्राची क्षमता. तेवढ्या क्षमतेचं यंत्र पैसे असतील तर कुणीही उभारील. प्रकल्प चालतो तो घराघरात कचरा वेगळा होतो म्हणून. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आणि काच आली की असं यंत्र बसतं. म्हणजे इथे मोजायची गोष्ट यंत्राची क्षमता नाही. गाडीत पडणारा ओला कचरा किती निर्भेळ आहे, ती खरी कसोटी. आणि ती कसोटी रोज सकाळी स्वयंपाकघरात लागते. फायदाही दुहेरी आहे. हाच कचरा डेपोत सडला असता तर मिथेन निघाला असता, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो.

इंदूरची दुसरी गोष्ट पाण्याची. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर माळव्याच्या पठारावर, आणि त्याचं पाणी येतं सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेतून, जलूदहून. चारशे मीटरच्या आसपास चढ. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, एक थेंबही वाया न घालवता आणि आदर्श पंपानं उचललं तरी, एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते. पंपातली तूट आणि नळातलं घर्षण धरलं तर दीड युनिट धरा. म्हणजे हजार लिटरमागे एक किलो कार्बन. इंदूरच्या नळाला येणाऱ्या प्रत्येक टाकीला हा अदृश्य किलो चिकटलेला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेनं २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, सामान्य गुंतवणूकदारालाही घेता येतील असे. कशासाठी? या पंपांची वीज सूर्यापासून मिळावी म्हणून ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला.

मला यात सगळ्यात काय आवडतं? हा प्रकल्प मोजता येतो. पंपांनी या वर्षी जाळ्यातून किती युनिट घेतले आणि गेल्या वर्षी किती? बस, एवढा एक प्रश्न. त्याच्याच शेजारी आणखी एक ठेवा: उचललेल्या पाण्यातलं किती गळून गेलं? चारशे मीटर चढवून आणलेलं पाणी रस्त्याखालच्या फुटक्या नळातून गेलं, तर पाण्याबरोबर वीजही गेली. गळती बुजवणं हे दिसायला पाणी खात्याचं काम, पण हिशेबात ते कार्बनचं काम आहे. त्याचा फलक मात्र कुणी लावत नाही.

मूल्यमापन प्रामाणिक असलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण बाहेरचं. डेन्मार्कच्या कोपनहेगननं २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचा संकल्प केला होता. २०२२ मध्ये शहरानं उघडपणे सांगितलं, की आम्हाला हे जमणार नाही, कारण कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचा कार्बन पकडण्यासाठी लागणारा निधी मिळाला नाही. नेमकं काय अडलं, कशापायी अडलं, हे तारखेआधी तीन वर्षं लोकांना कळलं. आपल्याकडे संकल्पाची वर्षं २०५० आणि २०७० अशी आहेत. आज खुर्चीत बसलेल्यांपैकी तेव्हा जबाब द्यायला कोण असेल? म्हणून दूरच्या वर्षापेक्षा पुढच्या वर्षाचा आकडा मागायला हवा. मुंबई महापालिकेनं २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्प प्रसिद्ध केला. ऑस्लोनं ही वाट आधी दाखवली होती. ही चांगली सुरुवात आहे, कारण पैसा कुठे जातो ते दरवर्षी दिसतं. मात्र एखाद्या खर्चाला ‘हरित’ म्हटल्यानं तो हरित होत नाही. त्या खर्चानं किती टन घटले, हा रकाना शेजारी हवा.

तर मित्रहो, पुढच्या वेळी तुमच्या शहराला तारा मिळाला, की टाळ्या वाजवा, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर पाच प्रश्न विचारा. शहराचं एकूण उत्सर्जन किती आणि गेल्या वर्षी किती होतं? त्यात बाहेरून येणाऱ्या विजेचा धूर धरला आहे का? टक्केवारीच्या खालचा आकडा काय? गुण कागदाला मिळाले की कामाला? आणि या वर्षात शहरातल्या सगळ्यात गरीब वस्तीला बस, पाणी, सावली जास्त मिळाली की कमी?

हे प्रश्न प्रभाग समितीत विचारता येतात, माहितीच्या अधिकारात विचारता येतात, मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही विचारता येतात. पाचांपैकी दोनांची जरी आकड्यात उत्तरं मिळाली, तरी तुमचं शहर मोजायला लागलं आहे असं समजा. आणि एकाचंही मिळालं नाही, तर तारे कितीही असोत, प्रगतिपत्रिका अजून कोरीच आहे.